तिसऱ्या कलमाचा शुक्रवार

तोरस्करांच्या घरात एकशे अकरा वर्षांत जे कोणी केलं नव्हतं, ते सुजाताने गुरुवारी संध्याकाळी चार ओळींत उरकून टाकलं. कागद घरनियमांच्या वहीत ठेवला, वही लक्ष्मीकांतकाकांच्या हातात दिली आणि घरी येऊन काही घडलंच नाही अशा थाटात पोळ्या लाटल्या. शौर्य आदल्या दिवशी करणं सोपं असतं. शुक्रवारी सकाळी दहा वाजता, कुवेतमधल्या रुमैथियात थोरल्या दिरांच्या दारावरची घंटा मात्र तिने एकदा दाबायची ती दोनदा दाबली.

“एकदा वाजवलीस तरी येतं त्यांना ऐकू,” सुधीर मागून म्हणाला. कालपासून नवऱ्याने तिच्याशी बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य होतं.

उर्वी आईच्या कानाशी लागली. “आई, आय ॲम सो एक्सायटेड. इट्स लाइक अ रिअल इलेक्शन!”

“रिअलच आहे,” सुजाता म्हणाली.

दार देवेंद्रभावजींनी स्वतः उघडलं. इस्त्रीचा पांढरा सदरा, दाढी गुळगुळीत, कपाळाला गंध. सणासुदीला असतात तसे. त्यांनी भावजयीकडे क्षणभर रोखून पाहिलं आणि बाजूला झाले.

“ये. आधी चहा घेणार, की आधी मला उतरवणार?”

“चहा घेऊन उतरवते, भावजी,” ती बोलून गेली, आणि स्वतःच्याच तोंडाचं तिला नवल वाटलं. आत स्वयंपाकघरात जाऊबाई खुदकन हसल्याचा आवाज आला, आणि लगेच कढईत काहीतरी जोरजोरात ढवळल्याचाही.

भांडण होतं खैतानमधल्या एका खोलीवरून. घराचे कारभारी या नात्याने ती खोली भावजींनी आपल्या नावावर घेतली होती, आणि गेली चार वर्षं दर शुक्रवारी चार वाजता तिथे सुजाताची शाळा भरत असे. विद्यार्थी म्हणजे कोकणातून कंत्राटावर आलेले गवंडी, सुतार, प्लास्टर मारणारे. पंचविशीपासून पन्नाशीपर्यंतचे बाप्ये. आधी सही शिकले, मग इंग्रजी अक्षरं, मग औषधाच्या बाटलीवरचं लेबल. आणि गेल्या महिन्यात त्यांच्यातल्या रूपेशने पराक्रम केला. त्याने स्वतःचं कंत्राट वाचलं. त्यात आठवड्याची सुट्टी लिहिलेली होती, आणि त्याला ती दोन महिने मिळाली नव्हती. पठ्ठ्या कागद घेऊन थेट कंपनीच्या ऑफिसात गेला आणि त्या ओळीवर बोट ठेवून नम्रपणे उभा राहिला. सुट्टी मिळाली. पण त्याच कंपनीच्या प्रशासन विभागात देवेंद्रभावजींची बावीस वर्षं गेली होती. मुदीरने, म्हणजे मोठ्या साहेबाने, त्यांना बोलावून गोड आवाजात विचारलं, ‘ही शाळा तुमच्या नावावरच्या खोलीत भरते म्हणे?’

रविवारी भावजींनी हुकूम काढला. येत्या शुक्रवारचा वर्ग शेवटचा. सुजाताने चार वाजता जायचं आणि तसं सांगायचं.

चार दिवस सुजाता रडली, रागावली, सुधीरशी भांडली. मग तिला वही आठवली, आणि वहीतलं कधीच न वापरलेलं तिसरं कलम: दोघांच्या सह्या झाल्या, तर कारभाऱ्याला उतरवायचं की नाही यावर घराने मत टाकायचं.

*

जेवणाच्या टेबलावरून फळांची परडी हलली होती आणि तिथे पितळी तपेली आली होती. तपेलीच्या तळाशी जाड पंचा घडी करून घातला होता. शेजारी एक चिनी मातीची बरणी, आणि एका वाटीत सहा सुपाऱ्या, सहा सागरगोटे. कोकणातल्या त्या करड्या, गुळगुळीत, टणक बिया काकांनी देवगडहून मुद्दाम आणल्या होत्या. विमानतळावर तपासणाऱ्याने त्या हातात खेळवून पाहिल्या होत्या म्हणे.

लक्ष्मीकांतकाका चौऱ्याहत्तर वर्षांचे, देवेंद्र-सुधीरचे सख्खे चुलते, तीन महिन्यांच्या व्हिजावर आलेले. वही सांभाळणं हे त्यांचं वंशपरंपरागत काम, त्यामुळे वही त्यांच्याबरोबर जगभर फिरे. सुजाताच्या कागदावर दुसरी सही लागत होती, ती त्यांनीच केली होती. मात्र सही करताना बजावलं होतं, “ह्या माझा मत न्हय हां. कलम गंजान गेला, तेका तेल घालतंय इतक्याच.”

त्यांनी चष्मा लावला, घसा खाकरला आणि वही उघडली. तोरस्करांकडे कुठलंही मतदान असं वाचनाशिवाय सुरू होत नसे. मग प्रश्न गणपती कोणाकडे बसवायचा एवढाच असला तरी. ज्यांनी हे सगळं आरंभलं, ते पणजोबा महादेव तोरस्कर बोटीवर खलाशी म्हणून गेले आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ओरेगॉन नावाच्या मुलखात उतरून लाकडाच्या गिरणीत पाच वर्षं राबले. सुजाताने हे वाचन वीस वेळा ऐकलं होतं. आज पहिल्यांदाच ती एकेका शब्दाला कान लावून बसली.

“सन एकोणीसशे बारा, नवंबर,” काका वाचू लागले. वाचताना त्यांची मालवणी कुठल्या कुठे पळे आणि आवाज पंतोजींचा होई. “आज येथे मतदान. आमची घरमालकीण धोबीखान्यांत उभ्याने इस्त्री करिते. पूर्वी वेळेस धरबंध नव्हता, आतां कायद्याने दहा तास ठरले. तो कायदा व्हावा म्हणून बायकांनी दारोदार सह्या मिळविल्या. परंतु हिला मत नाही. हिच्या दारुड्या भावास आहे. बायकांस मत द्यावें की न द्यावें हें आज पुरुष ठरविणार. मला तर ना हें ना तें. मी हिंदु मजूर. गेल्या साली याच गांवांत आम्हांवर दगड आले. तरी बाईने दिलेली पत्रकें घेऊन सकाळपासून पावसांत उभा राहिलों. एका सद्गृहस्थाने पत्रक घेतलें व माझ्या अंगावर फाडून टाकिलें. दुसरें दिलें.”

“दुसरें दिलें,” उर्वी पुटपुटली. “ही इज सो कूल.”

“ऐक. बायका जिंकल्या. घरमालकीण मला म्हणाली, मिस्टर तोरस्कर, तुम्हांस आमचे आभार कसे मानावे? मी म्हणालों, बाई, ही रीत मी घरीं नेतों. आणखी एक रीत नेतों. येथे लोकांनीं निवडिलेला अधिकारी नीट न वागल्यास लोकच सह्या करून त्यास मुदतीआधीं खालीं उतरवितात. आमच्याकडे घरचा कर्ता एकदा झाला तो मरेपर्यंत कर्ता. त्यास खुर्चीवरून यमच उतरवितो.”

“रिकॉल,” उर्वी म्हणाली. “हिस्टरीत आहे आम्हाला. प्रोग्रेसिव्ह एरा. पण आजोबा, त्याला स्वतःला मत नव्हतंच ना? सगळ्यांसाठी उभा राहिला आणि त्यालाच नाही? दॅट्स सो अनफेअर!”

“तां खरा,” काका म्हणाले. “म्हणानच दोन वर्सांनी घराक येवन त्येंनी आपला मतदान सुरू केल्यानी. आमच्या आजयेक, सीताबायेक, तवा अठरा वर्सां झालली. लिवक-वाचूक येयना. तिका जमूचा म्हणान कागद नको, सुपारी आणि सागरगोटो. सुपारी म्हंजे रवांदे, सागरगोटो म्हंजे उतरांदे. कोणी खय टाकल्यान ता देवाकपण कळूचा नाय.”

सुजाताला वाटलं, काका सोडले तर इथे टेबलाभोवती बसलेल्या एकाचंही नाव कुठल्या मतदारयादीत नाही. या देशात असण्याचा प्रश्न नव्हता, आणि गावच्या यादीतून ती केव्हाच गळाली होती. तिला जगात मत होतं ते एवढ्या एका पितळी तपेलीत. आणि ते आज ती ज्या माणसाच्या विरुद्ध टाकणार होती, तो समोर बसून शांतपणे चहा पीत होता.

*

“माझी बाजू मांडतो,” देवेंद्रभावजी म्हणाले. कप त्यांनी बशीत अगदी मधोमध ठेवला. “मी शाळेच्या विरुद्ध नाही. खोली घेऊन मीच दिली. पण मुदीरने उद्या म्हटलं, तोरस्कर, तुमचा इकामा आम्ही पुढे चालवत नाही, तर? महिन्याभरात गाशा गुंडाळावा लागेल. हे घर, काकांचा व्हिजा, दर वर्षी गावाकडे जाणारी औषधं, सगळं त्या एका राहण्याच्या परवान्यावर उभं आहे. मी घर वाचवलं. कारभाऱ्याचं काम तेच असतं.”

बोलणं सरळ होतं, आणि खोटं मुळीच नव्हतं. सुधीरने मान हलवली. सुजाताने ते पाहिलं आणि तिच्या मस्तकात तिडीक गेली.

“भावजी, तुम्हाला भीती वाटली, यात लाज नाही,” ती म्हणाली. “मलाही वाटली असती. पण दुसरं कलम काय म्हणतं? घराचं काही उघडायचं किंवा बंद करायचं तर घराला विचारायचं. तुम्ही विचारलंत? रविवारी फोन केलात आणि म्हणालात, शुक्रवारी सांगून टाक. मला! एकोणीस बाप्यांसमोर मी उभी राहून सांगायचं, की तुम्ही वाचायला शिकलात ही चूक झाली?”

“विचारलं असतं तर तू ऐकलं असतंस?”

“नसतं ऐकलं. पण मत दिलं असतं, आणि हरले असते तर आज चार वाजता गपगुमान जाऊन सांगितलंही असतं.”

स्वयंपाकघराच्या दारात जाऊबाई, देवयानीताई, झारा हातात धरून उभ्या होत्या. आतून झुबैदीच्या, म्हणजे इथल्या पापलेटाच्या, तिखल्याचा वास येत होता, त्रिफळं घातलेला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, जावेकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, “आधी मतं टाका. तिखलं आटतंय.”

सुजाताने मनातल्या मनात मतं मोजून ठेवली होती. मतदार सहा. काकांचं मत थोरल्या पुतण्याकडे. देवयानीताईंचं नवऱ्याकडे, नाहीतर कुठे जाणार? भावजींचं स्वतःचं. झाली तीन. इकडे ती, उर्वी आणि, देव पावला तर, सुधीर. तीन विरुद्ध तीन. आणि पणजोबांनी लिहून ठेवलं होतं, की बरोबरी झाली तर कारभाऱ्याने उतरावं, कारण अर्ध्या घराचा विश्वास उडालेल्या माणसाने किल्ल्या धरू नयेत. म्हणजे तिघांत भागत होतं. तिचा सगळा जीव त्या तिसऱ्या सागरगोट्यात अडकला होता.

नेमका तेव्हाच सुधीरने घसा साफ केला.

“काका, एक मुद्दा आहे. उर्वीच्या बताक्यावर जन्मतारीख चोवीस नोव्हेंबर आहे. आज सात. सतरा दिवस कमी पडतात.”

बताका म्हणजे इथलं ओळखपत्र. त्यावरची तारीख म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

सुजाता एरवी घरात नवऱ्याला अरे-तुरे करायची आणि थोरल्यांपुढे अहो-जाहो. आज थोरल्यांपुढेच तिच्या तोंडून निघून गेलं, “अरे, तू बोलतोयस हे? तू? स्वतःच्या पोरीचं मत कापतोयस?”

“मी फक्त नियम सांगतोय.” सुधीरचे कान लाल झाले होते. लहानपणापासून दादासमोर त्याचे कान लालच व्हायचे.

“तिचा वाढदिवस आपण तिथीने करतो! परवा त्रिपुरी पौर्णिमेला याच घरात ओवाळलं तिला. करंज्या खाल्ल्यास तेव्हा बताका नाही आठवला तुला!”

काकांना हा वाद फारच आवडला. त्यांनी वही पुढे-मागे चाळली. “घरच्यो नोंदी सगळ्यो तिथीन आसत. सीताबायचा अठरावा वर्सपण तिथीन.”

“पण अमेरिकेच्या नोंदी तारखेने आहेत,” सुधीरने अडवलं. “नवंबर लिहिलंय ना? म्हणजे पणजोबा तारखा मानत होते.”

“थयच्यो नोंदी थयल्या तारखेन. घरच्यो घरच्या तिथीन.”

“मग आपण कुठे आहोत? घरी की बाहेर?”

अठरा वर्षांपूर्वी इथल्याच दवाखान्यात पोर जन्मली तेव्हा भावजींनी गावाला फोन करून आधी तिथी विचारली होती आणि मगच फॉर्मवर तारीख भरली होती. तोरस्करांची ही जुनीच खोड. दोन्ही डगरींवर पाय.

“हॅलो? कॅन आय से समथिंग?” उर्वी उभी राहिली. “मला मत नाही असं पहिल्यापासून सांगितलं असतं तर फाइन. सतरा दिवस थांबले असते. पण परवा मोठे बाबा म्हणाले, आजपासून तुझं मत. आणि आज मी काय टाकीन याची भीती वाटली म्हणून ते काढून घेताय. बाबा, दॅट्स वर्स. ते फाडलेल्या कागदापेक्षा वर्स आहे.”

देवेंद्रभावजींनी हात पुढे केला. काकांनी वही त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी शेवटचं लिहिलेलं पान काढलं आणि स्वतःच मोठ्याने वाचलं, “कार्तिक शुद्ध पौर्णिमा. चि. उर्वीस अठरा पूर्ण. आजपासून मत. खाली सही, देवेंद्र तोरस्कर.” मग वही मिटली. “नोंद माझ्या हातची आहे. तिचं मत माझ्या विरुद्ध जाणार, म्हणून बुधवारची पौर्णिमा खोटी ठरत नाही. बस खाली, उर्वी. काका, सहा मतं.”

सुजाताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ज्या माणसाला उतरवायला आली होती त्याच्याबद्दल तिचा ऊर भरून यावा, हा काय प्रकार, ते तिचं तिलाच कळेना.

*

मतदान इस्त्रीच्या खोलीत झालं. दोन्ही भांडी आत नेऊन ठेवली. तपेलीत द्यायचं ते मत टाकायचं, बरणीत उरलेलं. दोन्हींच्या तळाशी कापड, म्हणजे आवाजावरून कळू नये. एकेकाने एक सुपारी, एक सागरगोटा घेऊन जायचं, दार लावायचं, मोकळ्या हाताने बाहेर यायचं.

काका गेले आणि आले. देवेंद्रभावजींना जरा वेळ लागला. देवयानीताई झारा घेऊनच गेल्या आणि झारा घेऊनच परतल्या. सुधीर गेला तेव्हा सुजाताने मुद्दाम खिडकीकडे तोंड वळवलं नाही. तो बाहेर येताना त्याच्याकडे टक लावून पाहिलं. त्याने पाहिलं नाही. ‘संपलं,’ ती मनात म्हणाली.

तिची पाळी आली.

खोलीत दांडीवर भावजींचे सदरे ओळीने टांगलेले होते. रविवार ते गुरुवार, पाच दिवसांचे पाच. एकोणीस वर्षांपूर्वी ती नवी नवरी म्हणून कुवेतच्या विमानतळावर उतरली तेव्हा सुधीरला सुट्टी मिळाली नव्हती, आणि असाच पांढरा सदरा घालून हाच माणूस तिच्या नावाची पाटी धरून उभा होता. पाटीवर मराठीत लिहिलं होतं, म्हणजे दुसऱ्या कोणाला कळू नये आणि हिला लगेच कळावं. घरी येईपर्यंत त्यांनी तिला रस्त्यावरच्या सगळ्या अरबी पाट्या वाचून दाखवल्या होत्या. मूठ उघडून ती सुपारीकडे आणि सागरगोट्याकडे पाहत राहिली. या माणसाचा अपमान होणार आणि तो आपल्या हातून. तिने डोळे पुसले. मग तिला रूपेशचं बोट आठवलं, सिमेंटने फुटलेलं, त्या ओळीवर ठेवलेलं. सागरगोटा तिने तपेलीत टाकला, सुपारी बरणीत, आणि बाहेर आली.

उर्वी सगळ्यात शेवटी गेली आणि तीरासारखी परत आली. “डन!”

काकांनी झाकलेली तपेली टेबलावर आणून ठेवली, तेवढ्यात जुम्म्याची अजान सुरू झाली. काकांनी हात थांबवला. “होवंदे,” ते म्हणाले. अजान संपेपर्यंत उर्वीने आईचा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतत होती.

मग काकांनी तपेलीत हात घातला.

“सागरगोटो,” त्यांनी पहिला टेबलावर ठेवला.

हा माझा, सुजाताला वाटलं.

“सागरगोटो.”

हा उर्वीचा.

काकांचा हात आत चाचपडला. म्हाताऱ्याला नाटकाची हौस भारी. मूठ बाहेर आली, टेबलावर उलटी झाली, हळूच उघडली.

“सागरगोटो! तीन! बरोबरी तर झाली! देवेंद्रा, उतारलंस रे!”

उर्वीने किंकाळी फोडली. सुजाताने गर्रकन सुधीरकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता आणि त्याचे कान लालभडक होते. दादासमोर तोंडाने दादाची बाजू घेतली, बंद दाराआड स्वतःचं मन टाकलं. बंद दार असतं ते अशाच माणसांसाठी. तिला त्याला गदागदा हलवावंसंही वाटलं आणि मिठीही मारावीशी वाटली.

“रवलेला मोजूक होया,” काका म्हणाले आणि चौथा काढला.

सागरगोटा.

काकांनी आता नाटक सोडलं. पाचवा काढला. तोही सागरगोटाच.

सहावा त्यांनी काढला नाही. त्यांनी तपेलीच उलटी केली. पंचा पडला आणि त्याच्या घडीतून सहावा सागरगोटा टेबलावर गडगडत गेला, आणि देवेंद्रभावजींच्या कपाला लागून थांबला.

गुप्त मतदानाचं गुपित एकाच वाटेने फुटतं, सगळे एका मताचे निघाले तर. सहापैकी सहा. म्हणजे काकांचं. म्हणजे देवयानीताईंचं. म्हणजे...

“आठ दिवस झोपलेले नाहीत हे,” देवयानीताई म्हणाल्या, ओढणीने डोळे पुसत. “बाल्कनीत येरझाऱ्या. म्हटलं, उतरू दे एकदाचं ओझं. माझं काय चुकलं?”

“काही नाही चुकलं, ताई,” सुजाता म्हणाली. तिला हसू येत होतं आणि रडूही, आणि काय आधी करावं ते ठरत नव्हतं.

देवेंद्रभावजी उठले. गळ्यातला किल्ल्यांचा जुडगा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. त्यात देवगडच्या घराची किल्ली होती, वहीच्या पेटीची आणि खैतानच्या खोलीची. चेहरा शांत होता. सुजाताने कितीतरी दिवसांत तो इतका शांत पाहिला नव्हता.

“आता नवा कारभारी निवडायला हवा,” ती घाईघाईने म्हणाली. “मला वाटतं सुधीर...”

“थांब गो,” काकांनी वहीचं पान उलटलं. “चौथा कलम. ज्याने उतरविलें त्यानेच धुरा घ्यावी. नुसतें पाडणें हें शहाण्याचें काम नव्हे.”

“चौथं कलम? पण नियम तीनच आहेत ना?”

“पाठच्या पानार बघ.”

सुजाताने वाकून पाहिलं. मग देवेंद्रभावजी हसू लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग सबंध माणूस. “खैतानात एकोणीस बाप्यांना वाचायला शिकवतेस,” ते म्हणाले, “आणि स्वतः पान उलटत नाहीस?”

सगळे हसले, सुधीर सगळ्यात मोठ्याने. हसता हसता सुजाताच्या लक्षात आलं, की खोली आता तिच्या नावावर घ्यावी लागेल. दवाखान्याच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीवर तिचा स्वतःचा इकामा होता. यापुढे कोणी गोड आवाजात काही विचारलं तर ते तिला विचारणार. भीती घरातून गेली नव्हती. तिने फक्त खुर्ची बदलली होती. तरी तिने जुडगा उचलला. वहीत नवी ओळ लिहिली आणि सही केली. सीताबाईंनंतर या वहीत मत टाकणाऱ्या बायका पुष्कळ झाल्या होत्या. कारभारीण ती पहिली.

“आणि लक्षात ठेव,” काका बोट नाचवत म्हणाले, “तिसरा कलम आता तुका पण लागू.”

*

तिखलं-भात झाल्यावर सुधीर गाडीची किल्ली शोधू लागला, पण भावजी आधीच बूट चढवून उभे होते. “मी सोडतो हिला,” ते म्हणाले, आणि कोणी काही विचारलं नाही.

रिंग रोडला शुक्रवारची वर्दळ कमी होती. दोघंही फार बोलले नाहीत. खैतानच्या गल्ल्या सुरू झाल्या, न्हावी, फोनच्या दुकानांच्या पाट्या, खबूस रोटीच्या भट्टीपुढची रांग. खोलीच्या अलीकडच्या वळणावर त्यांनी गाडी थांबवली.

“इथून पुढे तू चालत जा. आमच्या कंपनीची बस त्या दारात उभी असते. मला अजून चार वर्षं नोकरी करायची आहे.”

त्यांच्या आवाजात लाज नव्हती आणि आवही नव्हता. सुजाताने मान हलवली. समोर वळणावर रूपेश उभा होता, हातात वही, आज शाळा बंद होणार हे कुठूनतरी कानावर गेल्यासारखा चेहरा करून. तिला बघून तो दोन पावलं पुढे आला आणि थबकला.

“ताई,” त्याने लांबूनच विचारलं, “आज शाळा आसा मां?”

“आहे,” ती ओरडली. “पुढच्या शुक्रवारी पण आहे! वर जाऊन फळा पूस!”

तो पळतच गेला. सुजाताने दार उघडलं, एक पाय बाहेर ठेवला आणि तशीच मागे वळली. सकाळपासून मनात घोळत होतं ते आता विचारल्याशिवाय तिला उतरवेना.

“भावजी, सुपारी तुमच्या हातात होती. तुम्ही सागरगोटा का टाकलात?”

देवेंद्र तोरस्करांनी आरसा नीट केला, सदऱ्याची कॉलर नीट केली आणि समोर बघत म्हणाले,

“गुप्त मतदान आहे, कारभारीणबाई. विचारायचं नसतं.”